सुया चालतील, पण आधी दात दाखवा

डॉक्टरबाई, नमस्कार.

माझे सासरे ६३ वर्षांचे आहेत. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला. ऑपरेशन नाही, शेक (रेडिएशन) द्यायचं ठरलंय. सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार, एकूण ३५ वेळा, आणि आठवड्यातून एकदा सलाइनमधून केमो. मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. सीटी काढून शेकाच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवायचा अजून बाकी आहे. तिथल्या दुसऱ्या पेशंटांनी सांगितलं की तोंड असं सुकतं की पोळीचा घास गिळत नाही. बाबा आमच्या वस्तीतल्या भजन मंडळात चाळीस वर्षांपासून खंजिरी वाजवतात, गातात. कॅन्सर ऐकून ते घाबरले नाहीत, पण हे ऐकल्यापासून गप्प आहेत. मला म्हणाले, "थुंकीच नाही राहिली त भजन कसं म्हणीन?"

ह्यांच्या मित्राने धरमपेठेतले एक अॅक्युपंक्चरवाले सुचवले. ते म्हणतात, शेक चालू असतानाच आठवड्यातून तीनदा सुया घेतल्या तर तोंड सुकणारच नाही. शेकाच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "घ्यायच्या तर घ्या, आमच्याकडे ती सोय नाही." धाकटे दीर म्हणतात, हे चिनी थोतांड आहे, अडलेल्या माणसाकडून पैसे काढायचा धंदा. घरात रोज वाद. सुया द्याव्या की नाही? आणि बाबा सध्या रोज संध्याकाळी मंडळात जातात, ते बंद करू का? खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सुटला आहे असं ते सांगतात.

– एक सून, हुडकेश्वर, नागपूर

ताई,

तुमचं पत्र एप्रिलच्या मध्यावर आलं. खाली नंबर होता म्हणून त्याच दिवशी फोन केला, कारण सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती. फोनवर जे घाईघाईत सांगितलं ते इथे नीट लिहिते. तुमच्यासारखी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

तुमच्या पत्रात सुयांचा उल्लेख दोन-तीनदा येतो, दातांचा एकदाही नाही. मी दातांची डॉक्टर, म्हणून मला तेच आधी दिसणार, हे मान्य. पण माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरतं. सुयांचा निर्णय चार दिवसांनी घेतलात तरी चालेल, दातांचा नाही.

आधी तोंड सुकतं का, ते बघू. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. गालगुंड झाल्यावर कानाच्या पुढे-खाली जी सुजते ती सर्वांत मोठी, दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानाजवळची ग्रंथी पातळ, पाण्यासारखी लाळ देते, तीही मुख्यतः जेवताना. एरवी तोंड ओलं ठेवण्याचं काम जास्त करून जबड्याखालची करते. बाबांची गाठ जिभेच्या मुळाशी, म्हणजे किरणांचा रस्ता या सगळ्यांच्या शेजारून जातो, काहींच्या अंगावरून. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच लाळ कमी होऊन दाट, तार येणारी होते. पातळ भाग आटतो, चिकट भाग उरतो. अशा पेशंटचं तोंड तपासताना माझा छोटा आरसा गालाला आतून चिकटून बसतो. सोडवताना कातडी ओढली जाते आणि माणूस कळवळतो. ज्याच्या तोंडात लाळ आहे त्याच्या गालावरून तोच आरसा सर्रकन निघतो.

आता सुया. दिरांना सांगा, थोतांड म्हणून झटकून टाकावी अशी ही गोष्ट नाही. अमेरिकेत ह्यूस्टनचं एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटल आणि चीनमध्ये शांघायचं फुदान विद्यापीठाचं कॅन्सर सेंटर, या दोन ठिकाणी मिळून ३९९ रुग्णांवर याची नीट चाचणी झाली. निकाल २०१९ मध्ये छापून आला. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले होते. एकाला खऱ्या सुया, एकाला खोट्या, म्हणजे टोचल्याचा भास पण जागा आणि पद्धत खरी नाही, आणि तिसऱ्याला फक्त नेहमीची काळजी. सुया शेक चालू असतानाच, आठवड्यातून तीनदा. शेक संपून वर्ष झाल्यावर, त्रास देण्याइतपत कोरडेपणा नेहमीच्या काळजीच्या गटात शंभरात ५५ जणांना होता, खोट्या सुयांच्या गटात ४८ आणि खऱ्या सुयांच्या गटात ३५.

म्हणजे फायदा दिसला. पण ते ३५ जण विसरू नका. त्यांनी सहा-सात आठवडे सुया घेतल्या आणि तरी त्यांचं तोंड सुकलं. "सुकणारच नाही" हे जे वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं ते त्या चाचणीतून निघत नाही. आणखी एक गंमत आहे, मला ती फार बोलकी वाटते. शांघायमध्ये खऱ्या सुया खोट्यांपेक्षा स्पष्ट सरस ठरल्या. ह्यूस्टनमध्ये मात्र खोट्या सुयांनीही लोकांना चांगलंच बरं वाटलं, खऱ्या-खोट्यांत ठळक फरक उरला नाही. मोजमाप रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर होतं. तेव्हा काही भाग सुईचा असेल, काही भाग कुणीतरी आठवड्यातून तीनदा शांतपणे आपल्याकडे लक्ष देतं त्याचा. दीर म्हणतील, बघा, मी म्हणत होतो. मी म्हणेन, बाबांना बरं वाटलं तर त्यातलं किती टक्के कशाचं हा हिशोब मांडायला मला सवड नाही.

कॅन्सरच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२१ साली लाळेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शेकाच्या काळात अॅक्युपंक्चर देता येईल असं म्हटलंय, द्यायलाच हवं असं नाही. तुमच्या डॉक्टरांचं "घ्यायच्या तर घ्या" तुम्हाला तुटक वाटलं असेल. खरं तर ते त्याच सूचनेचं नागपुरी भाषांतर आहे.

दिरांच्या "चिनी"वरून आठवलं. १९३८ साली चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांच्यासोबत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे नागपुरात किती जणांना ठाऊक आहे? त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात घेऊन आले. भारतात अॅक्युपंक्चर आलं ते असं, डॉक्टरांच्या हातून. अर्थात कुठून आलं यावरून औषध खरं की खोटं हे ठरत नाही. मी हे फक्त दिरांची धार थोडी बोथट करायला सांगते आहे.

द्यायच्या ठरल्या तर काही गोष्टी पक्क्या करा. आपल्या राज्यात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र अॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारा, विचारताना लाजू नका. सुया एकदा वापरून फेकायच्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. त्या चाचणीत सुया हनुवटीवर ओठाच्या खाली, मनगटाजवळ, घोट्याजवळ आणि कानावर टोचल्या होत्या. गाठीच्या आसपास किंवा शेकाने लाल झालेल्या कातडीवर कुणी सुई लावायला निघालं तर उठून या. बाबांना केमोही आहे, त्यामुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात. आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट आला की तो कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून "आज सुया चालतील का" हे विचारल्याशिवाय न्यायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही दोघांना सांगा. सुयांसोबत कुणी काढा, पुडी, चूर्ण हातात ठेवलं तर घरी आणू नका. आणि "शेक कमी करा, आपण सुयांवरच बरं करू" अशी भाषा ज्या दिवशी ऐकाल त्या दिवशी तो दरवाजा बंद.

माझी खरी अडचण मात्र वेगळी आहे, ती म्हणजे धरमपेठ. हुडकेश्वरहून सीताबर्डीची गर्दी ओलांडून धरमपेठ, तेही आठवड्यातून तीनदा, मे महिन्यात. शेकाचे सात आठवडे म्हणजे नवतपा, मेअखेरचे ते सर्वांत तापलेले नऊ दिवस, त्यात आलाच. चौथ्या आठवड्यानंतर तोंड आतून सोलवटलेलं असतं, वजन उतरतं, माणूस कूलरसमोरून उठत नाही. अशा वेळी स्कूटरवर मागे बसवून ४५ डिग्रीत शहराच्या दुसऱ्या टोकाला नेल्याने त्यांना ग्लानी आली आणि दुसऱ्या दिवशीचा शेक चुकला, तर सुयांनी कमावलं त्याहून जास्त गमावलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शेकात पडलेला एकेक दिवसाचा खंड महाग पडतो. म्हणून घराजवळ किंवा हॉस्पिटलच्या वाटेवर नोंदणी असलेलं कुणी मिळतं का बघा. शेक झाला की तिथूनच सुया घेऊन घरी, एकच फेरी. नाहीतर धरमपेठवाले घरी येतात का विचारा, आणि अठरा ते एकवीस वेळांचे मिळून किती घेणार ते आधीच बोलून घ्या. यातलं काहीच जमत नसेल तर सुया सोडून द्या. घरात कुणाच्याही मनात अपराधी भाव नको.

सुयांपेक्षा मोठा फरक जिथे पडतो ती जागा म्हणजे शेकाचं प्लॅनिंग. ते अजून व्हायचंय, हे तुमचं नशीब. पूर्वी किरणं सरळ रेषेत, दोन्ही बाजूंनी जायची, वाटेतल्या ग्रंथी सरसकट भाजायच्या. आता आयएमआरटी नावाच्या पद्धतीत किरणांचा झोत आकार देऊन ग्रंथी शक्य तितकी वगळतात. इंग्लंडमधली २०११ सालची एक चाचणी आम्ही सगळे आकड्यांसकट पाठ असल्यासारखी सांगतो : जुन्या पद्धतीत वर्षभराने ७४ टक्के लोकांना बऱ्यापैकी कोरडेपणा होता, आयएमआरटीत ३८ टक्के. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. डॉक्टरांना एवढंच विचारा, "कानाजवळच्या ग्रंथींना सरासरी किती ग्रे जाईल? निदान एका बाजूची पंचविसाच्या आत ठेवता येईल का?" प्रश्न ऐकून ते चमकतील, पण रागावणार नाहीत. उत्तर "नाही, गाठ त्या बाजूला आहे" असं आलं तर हट्ट धरू नका. लाळ वाचवायला गाठ अर्धवट सोडायची नसते.

आणि आता दात.

माझ्या नात्यातल्या एका काकांना फार वर्षांपूर्वी घशाचा शेक झाला. गाठ गेली. सगळ्यांनी पेढे वाटले. शेकाआधी त्यांचे दात कुणी पाहिले नव्हते, आणि घरात दातांची डॉक्टर असून मीही विचारलं नव्हतं. तोंड कोरडं, म्हणून ते दिवसभर गोळ्या चघळायचे, आपल्याकडच्या त्या केशरी संत्रागोळ्या. वर्ष-दीड वर्षात दात हिरडीच्या कडेने काळे पडून खडूसारखे तुटायला लागले. मग एका दवाखान्यात दाढ काढली. ती जखम भरलीच नाही. खालच्या जबड्याचं हाड उघडं पडलं, पिवळट, जिभेला खरखरीत लागणारं. त्यांची दोन वर्षं त्यात गेली. कॅन्सर परत आला नव्हता, पण माणूस जेवणातून उठला तो उठलाच.

शेक मिळालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा मंदावतो, तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून जो दात वाचणार नाही तो शेकाआधी निघाला पाहिजे आणि जखम भरायला निदान दोन आठवडे मिळाले पाहिजेत. तुमच्या हातात जेमतेम तीन आहेत. म्हणून मी फोनवर म्हटलं, उद्या सकाळीच जा. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ओपीडीत दाखवा, "शेक सुरू व्हायचाय" हे केसपेपर काढतानाच सांगा. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, सफाई, किडलेले भरणं, हलणारे काढणं, आणि फ्लोराइड जेलसाठी दातांच्या मापाचे ट्रे. ते ट्रे रोज रात्री पाच मिनिटं, पुढे कायम. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण लाळ नसलेल्या तोंडातले दात यावरच तगतात. दात काढल्याने शेक दोन-चार दिवस पुढे जाणार असेल तर ते दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं, तुम्ही घरी नाही.

आता जाण्याचं आणखी एक कारण खर्रा. तीस-चाळीस वर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचे गाल आतून पांढरे, चामड्यासारखे झालेले असतात, तोंड पुरतं उघडत नाही. बाबांना आरशासमोर उभं करा आणि स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. तीन गेली तर छान. दोनच जात असतील तर शेकानंतर ती दीडवर येतील आणि मग कुठल्याही दंतवैद्याचा हात आत पोचणार नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम आतापासूनच. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची थप्पी दातांमध्ये धरायची, चार-सहा दिवसांनी एक काडी वाढवायची.

खर्रा "सुटला असं ते सांगतात" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. पॅन्टचे खिसे धुण्याआधी तपासा. तंबाखू नसेल पण सुपारीचं खांड सापडेल. ते म्हणतील, ही तर साधी सुपारी. सुपारी स्वतःच कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. आणि सोलवटलेल्या तोंडात सुपारी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

बाकी घरातलं थोडक्यात. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, दर दोन तासांनी चूळ. झिणझिणणारं, स्पिरिटचं माउथवॉश बंद. लोणचं, तर्री, संत्र, लिंबू सात आठवडे आणि पुढेही काही महिने दूर. आंबिल चालेल, फार आंबवू नका. वरण-भात पातळ, वर तूप. पाटवडी करायचीच असेल तर रश्शात इतकी भिजवा की चमच्याने तुटेल. गोड गोळ्या अजिबात नाहीत, चघळायचं तर बिनसाखरेचं. झोपायला कूलरच बरा. त्याची ओली हवा कोरड्या तोंडाला एसीपेक्षा कितीतरी सुखाची, पण टाकीतलं पाणी रोज बदला. जिभेवर पांढरा, दह्यासारखा थर आला तर ती बुरशी असते, लगेच दाखवा. आणि शेक संपल्यावरही कोरडेपणा राहिला तर लाळ वाढवणाऱ्या गोळ्या असतात, पिलोकार्पिन नावाच्या. काचबिंदूच्या काही प्रकारांत आणि आटोक्यात नसलेल्या दम्यात त्या देत नाहीत, म्हणून बाबांना यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लाळ कधीकधी वर्षभराने, दोन वर्षांनीही थोडी थोडी परतते, तेव्हा सहाव्या महिन्यात निकाल लावू नका.

राहिलं मंडळ. बंद करू नका. शेक सुरू होईपर्यंत रोज जाऊ द्या, मनसोक्त गाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आवाज बसेल, गिळताना दुखेल, तेव्हा गाणं थांबवायचं, खंजिरी नाही. तिला थुंकी लागत नाही. बाटलीत साधं पाणी द्या, दर कडव्याला एक घोट, भरभरून नाही. आणि त्यांच्याआधी तुम्ही स्वतः एकदा मंडळात जाऊन या. भजन संपल्यावर ओट्यावर बसून पन्नीत खर्रा घोटणारे दोघं-तिघं कोण आहेत ते तुम्हाला माहीतच असेल. त्यांना स्पष्ट सांगा, बाबांसमोर घोटायचा नाही. बाबांनी सांगितलं तर ते हसण्यावारी नेतील, सुनेने सांगितलं तर ऐकतील. दातांचं काय झालं ते मात्र मला कळवा.